केळीच्या बागेत हॉप्स

दृश्य: रात्र. केळीची बाग, मधोमध पिवळट उजेड.

हा उजेड बघून रस्त्याने जाणाऱ्या दोन जणांनी तरी गाडी थांबवून विचारलंय, कोणाची हळद आहे म्हणून. यावल तालुका, डिसेंबरची रात्र, साडेनऊ वाजलेत, थंडी अशी की कॅमेरा धरणाऱ्याने हातात मोजे घातलेत. चारी बाजूंनी केळी आणि मधे एक गुंठ्याचा मंडप, त्यावर साधे नऊ वॅटचे एलईडी बल्ब टांगलेत, घरात संडासात लावतो ना तेच. अकरा वाजता आबा येतील आणि बटण बंद करतील. रोज अकरालाच, लग्न असो मयत असो.

आबा माझे चुलते. तीस वर्षं केळी करतात. आणि ह्या मंडपाखाली केळीची खोडं नाहीत, हॉप्सचे वेल आहेत. बिअरला कडूपणा आणि वास ज्या फुलांचा असतो ती फुलं. जगात हे पीक जर्मनीत होतं, अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात होतं, झेक लोकांकडे होतं, आणि ह्या हिवाळ्यात आमच्या आबांकडे झालं.

दृश्य: सकाळ. वेल जवळून, दव.

पान बघा, कोणी म्हणतं द्राक्षाचं, कोणी म्हणतं तुतीचं. कारल्याला कसे कुरळे ताणे असतात तसे ह्याला नसतात, ह्याच्या खोडालाच बारीक उलटे काटे आहेत, केसासारखे, त्यांनी तो सुतळीला धरून वर चढतो. हात लावला की ओरखडे. आणि चढतो तो कायम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. हे आम्हाला कसं कळलं तर मंडप बांधायला ज्या मावशी आल्या होत्या त्यांनी सवयीने वेल दुसऱ्या बाजूने गुंडाळले, व्यवस्थित, चाळीसच्या चाळीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर निम्मे सुटून खाली लोंबताहेत. मावशी म्हणाल्या, "हा वेल नवऱ्यासारखा आहे, सांगेल त्याच्या उलटाच जाईल." हे आमच्याकडे रेकॉर्ड आहे पण आवाज वाऱ्यात गेला.

नर वेगळा, मादी वेगळी. कामाची मादीच, कारण फुलांचे ते शंकूसारखे हिरवे कोन मादीलाच येतात. आसपास नर असेल तर परागीभवन होऊन कोनात बिया धरतात आणि मालाचा दर्जा उतरतो, म्हणून बहुतेक शेतकरी नर ठेवतच नाहीत.

आता बल्बचं. हॉप्सचं गणित दिवसाच्या लांबीवर चालतं. जर्मनीत हालरटाऊ भागात जूनमधे दिवस सोळा तासांचा असतो, अमेरिकेत याकिमाला जवळजवळ तेवढाच. वेल वसंतात लांब दिवसात सोळा-अठरा फूट वाढून घेतो आणि मग दिवस लहान व्हायला लागले की फुलावर येतो. आपल्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतच. म्हणजे वेल जमिनीतून वर येतो, बघतो, त्याला वाटतं अरे हिवाळा आला की, आणि गुडघ्याएवढा असतानाच फुलं काढून मोकळा. मूठभर फुलं, संपला विषय. उष्ण प्रदेशात हॉप्स होत नाही म्हणतात त्याचं मोठं कारण हे आहे, उन्हाचं नंबर दोन.

तर आबा वेलाला फसवतात. संध्याकाळी सहा ते अकरा बल्ब. अकरा तासांचा दिवस सोळा तासांचा होतो. उजेड फार लागत नाही, वेलाला फक्त रात्र झाली नाही असं वाटलं पाहिजे. ब्राझीलमधे असेच दिवे लावून हॉप्स घेताहेत, आणि आपल्याकडचे पॉलिहाऊसवाले शेवंतीला हेच करतात. आबांनी ते कुठल्याशा कृषी प्रदर्शनात बघेल होतं, तेव्हा हसले होते म्हणे.

दृश्य: जुना फोटो. दादा, मागे उंच तारांवर हॉप्स.

हा दादा, आबांचा मुलगा. फोटो अमेरिकेतल्या ओरेगॉनचा. सहा वर्षं तिकडे नोकरी, नोकरी कॉम्प्युटरची आणि जीव गॅरेजमधे, कारण गॅरेजमधे भांडं, बर्नर, प्लास्टिकचा ड्रम आणि दर दुसऱ्या शनिवारी २० लिटर पेल एल, म्हणजे फिकट रंगाची एक बिअर. तिथे घरी बिअर करणं हा सरळ छंद आहे, आपल्याकडे लोणचं घालतात तसं. पण तिथेही ही मोकळीक फार जुनी नाही, १९७८ साली कायदा झाला तेव्हा कुठे घरगुती बिअर देशपातळीवर वैध झाली. त्याआधी १९७२ मधे ओरेगॉनमधल्याच संशोधनातून कॅस्केड नावाची हॉप्सची जात आली होती, ग्रेपफ्रूटसारख्या, म्हणजे साधारण पपनशीसारख्या वासाची, आणि १९८० मधे कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा कंपनीने कॅस्केड ओतून पेल एल काढली. आज जगभर जी हॉपी पेल एल म्हणून मिळते तिचं घराणं तिथून सुरू होतं.

आणि त्याच्या मागे अजून जुनी गोष्ट आहे जी ऐकल्यापासून माझ्या डोक्यात बसलीय. इंडिया पेल एल. नावात इंडिया. अठराव्या शतकाच्या शेवटाला लंडनचा हॉजसन नावाचा ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, इस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर बिअर चढवायचा, पुढे १८२० च्या दशकात इंग्लंडातल्या बर्टन गावचे लोक त्या धंद्यात उतरले, पिंपं मुंबई-कलकत्त्याला यायची, चार-सहा महिने समुद्रात. हॉप्समुळे बिअर लवकर नासत नाही म्हणून उन्हाच्या देशात जाणाऱ्या मालात हॉप्स जास्त. पिणारे गोरे, सातू म्हणजे बार्ली त्यांची, हॉप्स त्यांचे, पाणी त्यांचं, पैसे गेले त्यांच्याकडे. आपलं फक्त नाव! दादाला विचारलं की एवढा खटाटोप कशासाठी, तर तो हीच गोष्ट सांगतो, आणि दर वेळी सांगताना जरा चिडतो.

भारतात हॉप्स अजिबात नाही असं नाही बरं का. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात १९७० च्या दशकापासून लावतात. तिथे थंडी आहे, उंची आहे, दिवसही आपल्यापेक्षा मोठा. पुढे बाहेरून येणाऱ्या मालापुढे भाव टिकेना म्हणून बरेच जण मटार-कोबीकडे वळले. आपल्या मंडपातली रोपं तिकडचीच, क्लस्टर जातीची.

दृश्य: मे महिना. मोबाईलचं शूट, हलतंय.

हे पहिल्या वर्षाचं. दादा परत आला आणि अमेरिकेच्या कॅलेंडरप्रमाणे मार्चमधे लागवड केली. त्याला वाटलं वसंत. भो, मार्चमधे खान्देशात कसला वसंत. एप्रिलमधे पानांच्या कडा करपल्या, मग लाल कोळी बसला, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला तेव्हा हे जे काळं चिपाड दिसतंय तेवढंच राहिलं. मागे आवाज येतोय तो आबांचा. "केळीला पण बाजूने गवताची वई करावी लागते ह्या झळांत, आणि तू थंडीचं झाड उघड्यावर लावेल आहे." पुढचं म्यूट केलंय.

पण गंमत बघा, उपाय आबांनीच काढला. म्हणाले, आपल्याकडे थंडी कधी असते? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गहू-हरभरा कधी करतो? तेव्हाच ना. मग ह्याला रब्बीचं पीक धर आणि दिवस कमी पडतो तेवढा बल्बने पुरव. एवढं साधं. दादाने सहा महिने इंटरनेटवर वाचून जे गाठलं नसतं ते म्हाताऱ्याने बांधावर बसून सांगितलं. मग ऑक्टोबर उजाडता लागवड, चाळीस रोपं, केळीचीच ठिबकची नळी ओढून घेतली, बारा फुटी बांबू, वरून तार, तारेवरून सुतळी. डिसेंबरच्या शेवटापर्यंत बल्ब. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री, म्हणून बल्ब सोलरच्या बॅटरीवर, आणि तीही जुनी, ट्रॅक्टरची नाही बरं, इन्व्हर्टरची.

मधे एक भानगड झाली. हॉप्स हा गांजाच्याच कुळातला, वनस्पतीशास्त्राप्रमाणे चुलत भाऊ, पण नशा काही नाही त्यात. हे दादाने पारावर कौतुकाने सांगितलं. चुकलं त्याचं. चार दिवसांत पोलीस पाटील मंडपात हजर, कारण गावात झालं होतं की आबांनी रात्री लाइट लावून गांजा लावेल आहे. पाटलांनी पान चोळलं, वास घेतला, जिभेला लावलं आणि थुंकले. "किराईत आहे का हे?" म्हणाले, आणि चहा पिऊन गेले.

दृश्य: फेब्रुवारी. कोनांनी लगडलेला मंडप. इथे दहा सेकंद काही बोलायचं नाही.

बल्ब बंद केले आणि तीन आठवड्यांत वेलावर काटेरी बोंडांसारखी बारीक फुलं दिसली, आणि मग ती ही अशी झाली. एक कोन तोडून दाखवतो. खवल्याखवल्यांचा, कागदासारखा. हिरवा असताना दाबला तर दबून राहतो, तयार झाला की बोटातून सोडल्यावर परत फुलतो आणि कुरकुर आवाज करतो. आता मधून फाडा. हे पिवळं पीठ दिसतंय? हळद सांडल्यासारखं. हे ल्युपुलिन. सगळा खेळ ह्या पिठाचा. ह्यात एक राळ असते, तिच्यातल्या अल्फा आम्लांनी बिअर कडू होते, आणि उडणारी तेलं असतात त्यांनी वास येतो. बाकीचा पाला म्हणजे नुसतं वेष्टन.

वास कसा, हे कॅमेऱ्यात येत नाही. मी लिंबाची साल, ओली माती आणि थोडा कच्चा आंबा म्हणेन. आबा म्हणतात, कडुनिंबाच्या मोहोरासारखा. सातपुड्यातून केळी कापणीला आलेले एक पावरा बाबा होते, त्यांनी कोन हातावर चोळला, बराच वेळ हुंगला आणि काहीच बोलले नाहीत, दोन कोन खिशात घालून गेले.

तोडणी हाताने, पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून, दोन दिवस. ओला माल नऊ किलो. वाळवल्यावर दोन किलोच्या आत, कारण ह्याच्यात ऐंशी टक्के पाणीच असतं.

वाळवणीला काय केलं बघा. खाटा काढल्या, त्यावर जुन्या सुती साड्या अंथरल्या आणि पडवीत सावलीला पसरलं. पापड-कुरडया घरात होतात त्यांना हे शिकवावं लागत नाही, फक्त बिबड्यांना ऊन लागतं आणि ह्याला ऊन चालत नाही, उन्हाने तेलं उडतात आणि कोन पिवळे पडतात. अमेरिकेत ह्यासाठी मोठाल्या भट्ट्या असतात, गरम हवा सोडतात. आपल्याकडे फेब्रुवारीची कोरडी हवा फुकट आहे, दोन दिवसांत कोनाच्या मधला देठ कट्‌कन मोडायला लागला म्हणजे झालं. काकूने तिसऱ्या दिवशी खाटा मागितल्या, दारूच्या कामाला तिच्या खाटा द्यायला तिचा पहिल्यापासून विरोध आहे आणि तिच्या माहेरी दारूने काय झालं ते गावाला माहीत आहे. मग माल पिशव्यांत दाबून हवा काढून फैजपूरच्या एका आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमधे.

दृश्य: परातीत मोड आलेली ज्वारी.

हे दादर. खान्देशातली रब्बीची ज्वारी, जिची भाकरी पांढरी आणि गोड. दादाचा हट्ट होता की बिअरमधे बार्लीबरोबर थोडी दादर घालायचीच. माल्ट म्हणजे फार काही नाही, धान्याला मोड आणून वाळवणं. नाचणीचं सत्त्व करतो तेच. एक दिवस भिजत, तीन दिवस ओल्या गोणपाटात, मग कडक वाळवायचं आणि कोंब-मुळं चोळून पाखडून टाकायची, एकही ठेवायचा नाही. ज्वारीच्या कोंबात विष असतं, कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात हे इथल्या पोराला पण ठाऊक आहे, ते हेच.

इथून पुढे गाडी पुण्याला. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा, म्हणून पुण्यातल्या एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीने त्यांच्या टेस्टच्या भांड्यावर दोन घाणे काढून दिले.

गाडीत काय काय होतं तर हॉप्स, ज्वारीचं माल्ट आणि आमच्या बोअरच्या पाण्याचे चार जार. हो पाणी पण. तिथला ब्रुअर हसला. आमचं पाणी जड, बादलीला पांढरा थर बसतो असं. आधी खळखळून उकळलं, गार केलं, खाली बसलेला चुना तसाच सोडून वरचं घेतलं, आणि मग त्यात चमचाभर जिप्सम. बर्टनची पेल एल गाजली त्यात तिथल्या विहिरींच्या पाण्यातल्या जिप्समचा मोठा हात होता, सल्फेटमुळे हॉप्सचा कडूपणा कोरडा आणि नीट लागतो. आबांना जिप्सम म्हटल्यावर चोपण जमिनीत टाकायची गोणी आठवली, ते आणायला निघाले होते, थांबवलं. खाण्याचं वेगळं असतं.

दृश्य: वाफ. मोठं स्टीलचं भांडं, आबा हातात थर्मामीटर घेऊन.

चार किलो बार्लीचं माल्ट भरडलेलं, आणि पाऊण किलो दादर, पण दादर आधी वेगळी शिजवून. ज्वारीचा स्टार्च मोकळा व्हायला बार्लीपेक्षा जास्त आच लागते, म्हणून तिच्या अक्षरशः कण्या केल्या, ताटात वाढून ताक ओतलं असतं तर जेवण झालं असतं. मग सगळं एकत्र ६६ अंशांवर तासभर झाकून. ह्या तासात बार्लीतली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. ६६ म्हणजे ६६, पंचाहत्तरला गेलं तर एन्झाइम्स मरायला लागतात. आबा एक तास तिथून हलले नाहीत. शेवटी चमच्याने चाखलं आणि म्हणाले, काकवी.

गाळून घेतलेलं पाणी उकळीला. आता हॉप्स, तीन हप्त्यांत. उकळी फुटल्याबरोबर २५ ग्रॅम, ते तासभर उकळतात, त्यांचा वास सगळा उडून जातो पण अल्फा आम्लांचं रूप बदलतं आणि कडूपणा पाण्यात उतरतो, उकळल्याशिवाय तो उतरत नाही. शेवटची दहा मिनिटं राहिली की ३० ग्रॅम. आणि गॅस बंद करून भांडं ८० अंशांवर आलं की ६० ग्रॅम, हे फक्त वासासाठी. फोडणी, मसाला आणि वरून कोथिंबीर. काकूला हे समजावलं तेव्हा ती पहिल्यांदा "हं" म्हणाली.

कडूपणा नेमका किती हे मात्र अंदाजाने, कारण आमच्या कोनांत अल्फा किती हे लॅबमधे तपासल्याशिवाय कळत नाही आणि तपासायला जेवढा माल लागतो तेवढा देऊन टाकला असता तर बिअर कशाची करणार.

गार करून यीस्ट टाकलं, अमेरिकन एलचं कोरडं यीस्ट, १९ अंश. पुढचे दहा दिवस शूट नाही, तसंही बघण्यासारखं काय, बंद टाकी आणि एका नळीतून बुडबुडे. शेवटचे तीन दिवस अजून ८० ग्रॅम कोरडे हॉप्स तसेच थंडच टाकीत सोडले, ड्राय हॉपिंग म्हणतात. पाण्याची घनता १ धरली तर सुरुवातीची घनता १.०५०, शेवटची १.०११, म्हणजे अल्कोहोल साधारण ५.१ टक्के. दुसऱ्या घाण्यात सगळं तेच, फक्त हॉप्सच्या जागी बाहेरून आलेलं कॅस्केड.

दृश्य: दोन ग्लास, खिडकीचा उजेड.

डावीकडचा कॅस्केड. चकचकीत, पपनसाचा वास लांबूनच. उजवीकडचा आपला. थोडा गढूळ, रंग गुळाच्या चहासारखा, फेस जाडसर आणि टिकून राहिलेला. कॅस्केड पहिल्या घोटात जिंकतं, खोटं कशाला बोलू. आपल्यात आधी जरा गवताळ चव येते, तोडणीत पाला जास्त गेला त्याची ती, आणि मग मागून लिंबाची साल, आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडू राहतं, मेथीच्या भाजीनंतर राहतं तसं. तिसऱ्या घोटापासून मी उजवाच ग्लास धरून होतो. तिथल्या ब्रुअरने नाव न घ्यायच्या अटीवर सांगितलं की ताजा माल मिळत असेल तर पुढच्या हंगामात तो एक मोठा घाणा करायला तयार आहे.

खर्चाचा हिशोब पण सांगायला पाहिजे. बल्ब, बॅटरी, बांबू, मजुरी धरली तर ह्या दोन किलोंना जे पडलं त्यात बाजारातून दहा-बारा किलो आले असते. केळीने तेवढ्या जागेत पैसे दिले असते, हॉप्सने दिले नाहीत. बरं.

दृश्य: आबा, ग्लास, समोर.

आबा पीत नाहीत. आयुष्यात नाही. पण ग्लास हातात घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले. हा शॉट आम्ही कापलेला नाही, पूर्ण चाळीस सेकंदांचा आहे, ठेवा तसाच. मग ग्लास दादाच्या हातात देऊन ते जे म्हणाले ते: "मंडप पूर्वेकडून दोन हात सरकव. तिकडच्या चार वेलांना केळीची सावली पडते."

दृश्य: एप्रिल. रिकामा मंडप, सुतळ्या वाऱ्यावर.

वेल कापलेत. खाली जमिनीत बुडखे आहेत, त्यावर केळीच्या वाळल्या पानांचा फूटभर थर, वरून शेडनेट, ठिबक रोज वीस मिनिटं. हॉप्सचा बुडखा एकदा धरला की वर्षानुवर्षं फुटतो, थंड मुलखात. इथे अजून त्याने एक मे काढायचाय. दादा रोज संध्याकाळी पानं बाजूला करून बोट खुपसून ओल बघतो, आणि आबा लांबून ओरडतात, उकरू नको रे.